पन्नास मिनिटांवर

७ ऑगस्ट, गुरुवार

विमान आलं. सकाळी सगळं हॉस्पिटल गच्चीवर जमलं होतं, ज्यांना चालता येतं ते पेशंटसुद्धा. आयाबाई तर एका आजोबांना सलाइनच्या बाटलीसकट वर घेऊन आली. विमान पांढरं, दोन पंख्यांचं, तसं लहानच. डोंगरावरून वाकून आलं आणि धावपट्टीवर टेकलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारायला नको.

त्यातून डॉक्टर उतरले. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता ते पोटाचे सर्जन. व्यवस्थापकांनी दाराशी नवा बोर्ड लावलाय: रस्त्याने चारशे तीस किलोमीटर, दहा तास. विमानाने दोनशे दहा किलोमीटर, पन्नास मिनिटं. खाली मोठ्या अक्षरांत, 'तज्ज्ञ आता पन्नास मिनिटांवर'. इतकी वर्षं जो पेशंट आम्हाला झेपायचा नाही त्याला घाटातून तिकडच्या शहरात पाठवायचो. काही पोचायचे, काही नाही. आता दर गुरुवारी डॉक्टरच इकडे येणार, सकाळच्या विमानाने येऊन संध्याकाळच्या विमानाने परत.

आज तीन ऑपरेशनं झाली. सव्वीस वर्षं मी थिएटरमध्ये उभी आहे, पण असे हात पाहिले नाहीत. त्यांनी मागायच्या आधी मी द्यायची आणि ते नुसती मान हलवायचे. जाताना म्हणाले, "तुमच्यासारखी सिस्टर आमच्या तिकडे नाही."

म्हातारे डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून इथली कापाकापी त्यांचीच. शेवटचा टाका पडेपर्यंत बघितलं, 'छान' म्हणाले आणि गेले. चेहरा जरा आंबटच वाटला.

घरी आल्यावर धाकटीला सगळं सांगितलं. ती मशीनवर पडदे शिवत होती. कुणाच्यातरी हॉलचे, हिरवे, भयानक. तिने मान वर न करता ऐकलं आणि म्हणाली, "मग ताई, केस काळे करून घे एकदा. तुझा गुरुवार काय म्हणेल?"

तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव गुरुवार.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पाच ऑपरेशनं. केस काळे केलेत. टोपीखाली कुणाला दिसतात म्हणा. आयाबाईला दिसले, आणि तिने ते नको तितक्या मोठ्याने सगळ्यांना सांगितलं.

डॉक्टरांसाठी सफरचंद चिरून नेलं होतं. उभ्याउभ्या दोन फोडी खाल्ल्या. म्हणाले, तिकडे तीन-तीन तास पाणीसुद्धा कुणी विचारत नाही.

ते गेले आणि तासाभरात दुसऱ्या पेशंटच्या नळीतून रक्त यायला लागलं. त्यांना फोन लावला तर बंद, विमानात असणार. म्हातारे डॉक्टर घरी निघाले होते, फाटकातून परत बोलावलं. त्यांनी टाके उघडून रक्त थांबवलं. हात धुताना म्हणाले, विमानाची पन्नास मिनिटं बोर्डावर आहेत, शुक्रवार ते बुधवारचं अंतर कुठे लिहिलंय?

वय झालं की किरकिर येतेच माणसाला. मी हो ला हो केलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवारच्या रांगा आता फाटकाबाहेर. सोमवारी म्हातारे डॉक्टर हर्नियाचं एक ऑपरेशन करणार होते, तो पेशंट रविवारीच येऊन सांगून गेला की मी गुरुवारपर्यंत थांबतो. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

व्यवस्थापकांनी भूलवाल्या बाईंना सांगितलं की उद्यापासून रोज यायची गरज नाही. विमानाचे डॉक्टर भूल द्यायला आपलाच माणूस सोबत आणतात. बाई बारा वर्षं इथे आहेत. थिएटरच्या बाकावर बसून आपल्या चपलेचा पट्टा नीट करत राहिल्या, खूप वेळ. मी म्हटलं, बरंच झालं की, आराम मिळेल. त्या हसल्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार

भूलवाल्या बाई गेल्या. डॉक्टरांच्याच शहरात नोकरी मिळाली म्हणे. आज सकाळचं विमान डॉक्टरांना घेऊन आलं, संध्याकाळचं बाईंना घेऊन गेलं. त्याच विमानात डॉक्टर, बहुतेक शेजारच्या खुर्चीत.

आता आठवड्यातले सहा दिवस थिएटरला कुलूप. मी वॉर्डात असते. चादरी मोजते, औषधं वाटते. गुरुवार आला की अंगात जीव येतो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहिते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

धाकटी दोन महिने माझ्यापासून लपवत होती. आज बाथरूममध्ये पाहिलं आणि हात धरून विचारलं तेव्हा सांगितलं. रक्त जातंय. भूक नाही. मला वाटत होतं कपडे सैल शिवतेय, तर बाईसाहेब आत वाळत चालल्यात. का बोलली नाहीस म्हटलं तर म्हणते, तू हॉस्पिटलमधून दमून येतेस, घरीही पेशंट कशाला?

तशीच म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पोट तपासलं, बराच वेळ, डोळे मिटून. मग सोनोग्राफी. मग तिला बाहेर बसवून मला म्हणाले, "मोठ्या आतड्यात गाठ आहे. इथे वेळ घालवू नका, सिस्टर. उद्या सकाळी गाडी करा आणि निघा."

मी म्हटलं, डॉक्टर, परवा गुरुवार आहे. ज्यांच्याकडे दहा तास घाटातून जायचं तेच परवा इथे येतायत. हिला तर बाजारापर्यंत गाडीत बसवलं तरी उलटी होते.

"ते येतात तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचं हॉस्पिटल येत नाही," ते म्हणाले.

पण मनात आलंच की गेले तीन महिने एकही माणूस तुमच्याकडे फिरकत नाही, तर बोलणारच तुम्ही असं. माणूस मोठा आहे, पण माणूसच आहे.

घरी येताना धाकटीला दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, तू म्हणशील तसं. मी म्हटलं, थांबू. माझ्या डोळ्यांसमोर होईल, माझ्या हातून होईल. तिकडे अनोळखी लोकांत तुला आत ढकलतील आणि मी बाहेर बाकावर बसेन. ती म्हणाली, ठरलं तर मग.

३० ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांनी तिला पाहिलं. दोन पेशंटच्या मध्ये, पण नीट पाहिलं. ऑपरेशन लागणार. त्याआधी आतड्याचा तुकडा काढून तपासायला हवा. पुढच्या गुरुवारी दुर्बीण घेऊन येतो म्हणाले. "तुमची बहीण म्हणजे आमची बहीण," असंही म्हणाले. धाकटीला ते वाक्य मी रस्ताभर ऐकवलं. शेवटी ती म्हणाली, "अगं, मला बहीण म्हणाला, तुला काय म्हणाला ते सांग."

हसण्यावारी नेते. बरं आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तुकडा काढला. डबीत घालून डॉक्टर स्वतः घेऊन गेले. रिपोर्टला दहा-बारा दिवस. ऑपरेशन वीस तारखेला, पहिलाच नंबर. त्यांनी वहीत लिहिताना मी पाहिलं.

म्हातारे डॉक्टर व्हरांड्यात भेटले. मी तारीख सांगितली. ते म्हणाले, नोव्हेंबरच्या शेवटी धुकं उतरतं खोऱ्यात. मी म्हटलं, विमानवाल्यांना तेवढं कळत असेल. जरा तोडूनच म्हटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट फोनवर सांगितला. होतं तेच आहे. मला माहीत होतं, तरी औषधांच्या खोलीत जाऊन बसले. धाकटीला संध्याकाळी सांगितलं. तिने मशीनवरून पाय काढला आणि म्हणाली, "हिरवे पडदे देऊन टाकायला हवेत वीसच्या आत. बाई रोज फोन करते."

दोघींनी मिळून पडद्यांना कड्या लावल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल दुपारपासून तिला उपाशी ठेवलं. पोट साफ करायचं औषध दिलं, त्याने ती अर्धी झाली. पहाटे मी स्वतः थिएटर पुसून घेतलं. साडेआठला तिला आत घेतलं, टेबलावर झोपवलं, सुई लावली. खिडकीबाहेर काहीच नव्हतं. समोरची टाकी दिसत नव्हती, फाटक दिसत नव्हतं.

विमान वेळेवर आलं. म्हणजे त्याचा आवाज आला. बरोबर आमच्या डोक्यावर. मी, आयाबाई, धाकटी, तिघी वर बघत राहिलो, जसं छतातून दिसणारच होतं. आवाज लांब गेला, पुन्हा आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा जरा खाली आल्यासारखा वाटला आणि आयाबाई म्हणाली, उतरलं. उतरलं नव्हतं. आवाज बारीक होत डोंगराकडे गेला तो परत आला नाही.

मोठ्या विमानतळांवर धुक्यात उतरवायची यंत्रं असतात म्हणे. आमच्याकडे वाऱ्याची दिशा दाखवणारी एक पिशवी आहे.

धाकटीच्या हातातली सुई मीच काढली. ती टेबलावरच पडून म्हणाली, "इतक्या जवळ आला होता गं."

तिकडे पोचल्यावर डॉक्टरांनी फोन केला. पुढच्या गुरुवारी नक्की.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

विमान आलं, पण दुपारी दोनला. पाच दहाला परत निघायलाच लागतं, अंधारात इथून उडता येत नाही. धाकटीचं ऑपरेशन तीन-चार तासांचं. डॉक्टर म्हणाले, अर्धवट सोडून जाण्यापेक्षा न केलेलं बरं. दोन लहान ऑपरेशनं केली आणि गेले. बरोबरच आहे त्यांचं. घाईत आतडं जोडलं आणि सुटलं तर काय होतं ते मी पाहिलंय.

धाकटीला पुन्हा उपाशी ठेवलं होतं, पुन्हा ते औषध. आज तिला उठवून बसवताना पाठीचे मणके हाताला लागले.

म्हातारे डॉक्टर जिन्यात थांबले होते. पुन्हा तेच, अजूनही गाडीने न्या. मी म्हटलं, एक गुरुवार राहिला असताना तिला घाटात कशाला मारू? त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि एकेक पायरी खाली उतरले. त्यांचा गुडघा दुखतो हे मला माहीत आहे. हात द्यायला हवा होता.

४ डिसेंबर, गुरुवार

विमान रद्द. यंत्रात बिघाड. निरोप सकाळी सात वाजता आला. या वेळी तरी उपाशी ठेवायच्या आत कळायला हवं होतं, पण नाही.

धाकटीचं पोट फुगतं. खाल्लेलं ठरत नाही. मशीनवर कापड तसंच अडकून आहे.

८ डिसेंबर, सोमवार

विमान कंपनीने जाहीर केलं, धुक्याचे दिवस संपेपर्यंत सेवा बंद. व्यवस्थापकांनी बोर्डावर कागद चिकटवला. 'पन्नास मिनिटांवर' तेवढं वर दिसतंय.

९ डिसेंबर, मंगळवार

म्हाताऱ्या डॉक्टरांच्या घरी गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ते खुर्चीत बसून रेडिओ उघडून काहीतरी दुरुस्त करत होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही करा तिचं."

त्यांनी बसायला सांगितलं.

"भूल कोण देणार?" ते म्हणाले.

मी म्हटलं, कुणालातरी बोलावू.

"कुणाला? होत्या त्या बाई गेल्या. मी कापेन, सिस्टर. हात अजून आहेत. पण मी आत असताना तिला जिवंत कोण ठेवणार? ऑगस्टमध्ये सांगितलं असतंत तर याच थिएटरमध्ये केलं असतं. तेव्हा आपल्याकडे सगळं होतं."

मग उठून फोन केला. गाडी त्यांनीच ठरवली. उद्या पहाटे निघायचं. मलाही यायचंय म्हणाले, तिकडे चष्मा बदलायचाय.

११ डिसेंबर, गुरुवार

काल पोचलो. लिहायला आज बसलेय, हॉस्पिटलच्या धर्मशाळेत. मोठी खोली, वीस खाटा, प्रत्येक खाटेवर कुणाचं तरी कुणीतरी.

गाडीत मागची सीट आडवी करून तिला झोपवलं होतं. म्हातारे डॉक्टर तिच्या पायाशी बसले, सलाइनची बाटली हातात धरून. घाटात वळणं सुरू झाली तशी तिला उलट्या लागल्या. पोटात काही नव्हतं तरी. प्रत्येक वेळी ते गाडी थांबवायला सांगायचे, तिला कुशीवर वळवायचे, तोंड पुसायचे. मी पुढे बसून पिशव्या देत होते. दुपारी एका चढावर पुढचा ट्रक बंद पडला आणि तासभर तिथेच. खाली दरीत धुकं, वर लख्ख ऊन. धाकटीने विचारलं, अजून किती? ड्रायव्हर म्हणाला, अर्धं झालं. तिने डोळे मिटले. आम्हाला बारा तास लागले.

म्हातारे डॉक्टर आज सकाळच्या बसने परत गेले. चष्मा तोच होता. वेळ मिळाला नसेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ऑपरेशन झालं. झालं म्हणजे उघडलं, आणि बंद केलं. गाठ यकृतापर्यंत गेलीय, काढण्यासारखी राहिली नाही. अडकलेलं आतडं वरच्या वर पोटाबाहेर काढून शौचाची पिशवी लावलीय, फुगू नये म्हणून.

मी बाहेर बाकावर होते. दार उघडून ते आले, आमचे डॉक्टर, हिरव्या कपड्यांत. "नातेवाईक कोण?" म्हणून विचारलं. मी उठून समोर गेले. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, हळू आवाजात, सोप्या शब्दांत, जसं नातेवाइकांना सांगतात. यकृत कुठे असतं तेसुद्धा सांगितलं. मी मान हलवत राहिले. मग म्हणाले, "गाठ ऑक्टोबरमध्येच कळली होती असं कागदावर दिसतंय. इतके दिवस कशाला थांबलात?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अरे, सिस्टर. तुम्ही होय." टोपी-मास्क नसला की ओळखू येत नाही म्हणाले. खरंच आहे. त्यांनी माझा पूर्ण चेहरा कधी पाहिलाच नव्हता. खांद्यावर हात ठेवला, वाईट वाटतं म्हणाले, आणि आत गेले. आत दुसरा पेशंट टेबलावर होता.

भूलवाल्या बाई भेटल्या. याच हॉस्पिटलात आहेत. धाकटीला भूल त्यांनीच दिली. मला कँटीनमध्ये घेऊन गेल्या, चहा पाजला. इकडचं-तिकडचं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, त्रास झाला नाही तिला, ते मी बघितलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

धाकटीने स्वतःच विचारलं. मी सांगितलं. आमच्या धंद्यात नातेवाइकांनी असं सांगू नये म्हणतात, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग म्हणाली, तुझी बाकावर बसायची हौस मात्र फिटली. मी रडायला लागले तर मलाच थोपटायला लागली. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला वाटलं पेशंट मीच.

तिला घरी जायचंय. गाडीने नेता येणार नाही. विमान सुरू होईपर्यंत इथेच.

२२ जानेवारी, गुरुवार

विमान आजपासून सुरू झालं आणि पहिल्याच विमानाने आम्ही परतलो. तिकिटं भूलवाल्या बाईंनी काढून ठेवली होती. चाकाच्या खुर्चीतून तिला पायऱ्यांपर्यंत नेलं, वर दोघांनी उचलून. काय उचलायचं होतं म्हणा.

तिला खिडकी दिली. आमच्या पुढच्या रांगेत डॉक्टर. गुरुवार ना आज. बसले, पट्टा लावला, झोपले. त्यांनी पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही. धाकटीने मान लांब करून बघितलं. तोंड जरा उघडं पडलं होतं त्यांचं. "झोपल्यावर अगदी साधा दिसतो गं," ती म्हणाली.

विमान वर गेलं. मला वाटलं हिला आता उलटी होणार, पिशवी उघडून धरली होती. काही झालं नाही. ती काचेला कपाळ टेकून बसली. खाली घाट दिसत होता. सबंध घाट, एखाद्या उसवलेल्या शिवणीसारखा, हे तिचंच म्हणणं. कुठल्या वळणावर ट्रक बंद पडला होता ते शोधत होती. मग डोंगर संपले आणि विमान खाली वाकलं. आमची टाकी दिसली, हॉस्पिटलची गच्ची दिसली.

"झालं?" ती म्हणाली. "एवढंच होतं?"

चाकं टेकली. सगळे उठले. तिला उतरायचं नव्हतं. तिने खुर्चीचा हात धरून ठेवला होता, मी एकेक बोट सोडवलं.

२९ जानेवारी, गुरुवार

माझी रजा संपली. व्यवस्थापक म्हणाले, थिएटरमध्ये दुसरं कुणी तयार नाही, निदान गुरुवार तरी करा. धाकटी म्हणाली, जा, इथे बसून माझ्याकडे बघत राहतेस त्यापेक्षा बरं.

म्हाताऱ्या डॉक्टरांना हॉस्पिटलने या महिन्यात निरोप दिला. हार, नारळ असलं काही नाही, एक पत्र. आता ते दुपारी आमच्याकडे येतात. पिशवी बदलतात, दुखण्याची सुई देतात. मग दोघं रेडिओ ऐकतात. बोलत फारसे नाहीत. मी घरी आले की उठून जातात.

आज चार ऑपरेशनं. डॉक्टरांनी हिची चौकशी केली. मी मागायच्या आधी देत होते, पूर्वीसारखंच. हातांना कुणाशी काही घेणं नसतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आता ती फार बोलत नाही. सुई दिली की झोपते. आज दुपारी जागी होती तेव्हा म्हणाली, मशीन विकून टाकू नकोस, तेल घालून ठेव. कुणासाठी, ते सांगितलं नाही. मी घातलं.

मनात एक गोष्ट फिरत राहते. अठ्ठावीस ऑक्टोबरला ती म्हणाली होती, तू म्हणशील तसं. दुसरं काही म्हणाली असती तर. पण ती लहानपणापासून तशीच आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहून ठेवते.

सकाळी तिचा श्वास बदलला होता. मी सव्वीस वर्षं हेच पाहतेय, मला कळलं. म्हाताऱ्या डॉक्टरांना बोलावलं. म्हटलं, मी आज जात नाही. ते म्हणाले, चार पेशंट उपाशी ठेवलेत ना तिथे? मी म्हटलं, हो. धाकटीच्या कानाशी जाऊन म्हटलं, जाऊन येते. तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

विमान वेळेवर आलं. आकाश स्वच्छ होतं.

तिसऱ्या पेशंटला शेवटचा टाका पडला आणि आयाबाई दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. तिच्याकडे बघून मी हातमोजे काढले. डॉक्टरांना म्हटलं, चौथ्याला आयाबाई हातात देईल, तिला बघून बघून येतं. त्यांनी विचारलं, काही झालं का? मी म्हटलं, घरी जायचंय.

घरी म्हातारे डॉक्टर तिच्या खाटेजवळ बसले होते. चादर नीट केलेली, केस विंचरलेले. त्यांनी विंचरले असणार, भांग चुकीच्या बाजूला पडला होता. ती साडेअकराला गेली म्हणाले. म्हणजे मी आत होते, तिसऱ्याचं नुकतंच सुरू झालं होतं.

मी विचारलं, मग लगेच निरोप का नाही पाठवला?

"पोट उघडं असेल असं वाटलं," ते म्हणाले. "म्हणून तासभर थांबलो."

मी तिच्या उशाशी बसले. भांग मोडून पुन्हा नीट पाडला. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं की तिसरा पेशंट कसा आहे. मी म्हटलं, ठीक आहे, रक्त थोडं जास्त गेलं. म्हणाले, मग संध्याकाळी नळीकडे लक्ष ठेवायला हवं कुणीतरी, विमान गेल्यावर.

मी म्हटलं, कोण ठेवणार?